हातानं ओढायचा बोल्ट

बोल्ट ओढायची रायफल म्हटलं की आपल्याला थ्री नॉट थ्री आठवते, आणि ती आठवण चांगली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत तिला निरोप दिला, तेव्हा फार कुणाला वाईट वाटलं नसेल. त्यामुळे २०२२ मध्ये नियंत्रण रेषेवरच्या आपल्या स्नायपरांना फिनलंडच्या साको कंपनीची टीआरजी-४२ मिळाल्याची बातमी आली, तेव्हा संपादकांनी विचारलेला प्रश्न रास्तच होता. जुन्या ड्रॅगुनोव्ह रायफलीचा चाप ओढला की पुढची गोळी ती आपली आपण भरून घेते. नव्या रायफलीत प्रत्येक गोळी हातानं बोल्ट ओढून भरायची. पैसे मोजून मागं कशाला जायचं?

येवगेनी ड्रॅगुनोव्ह यांची रायफल सोव्हिएत सैन्यानं १९६३ मध्ये स्वीकारली. झुडपाआड दिवस दिवस पडून राहणाऱ्या एकट्या नेमबाजासाठी ती नव्हतीच. तुकडीबरोबर धावणारा, साथीदारांच्या टप्प्यापलीकडचं लक्ष्य चटकन टिपणारा जवान तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दहा गोळ्यांचं मॅगझीन, चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण, दुर्बिणीसकट वजन साडेचार किलोच्या आत. दुर्बिणीच्या काचेत खाली डावीकडं एक वाकडी रेघ आखलेली असते, १.७ मीटर उंचीचा माणूस त्या रेघेखाली कुठं मावतो ते पाहिलं की अंतर कळतं. युद्धभूमीवरचं इतकं साधं आणि इतकं थंड गणित मी दुसरं पाहिलेलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सैन्याच्या ईएमई विभागातून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. सगळी नोकरी आर्मरर म्हणून, म्हणजे बंदुका दुरुस्त करण्यात, गेलेली. नाव छापायचं नाही, या अटीवर बोलले. घरात बंदूक नव्हती, म्हणून त्यांनी मला गोठ्याच्या दाराशी नेलं आणि लोखंडी खिटी हातात धरून दाखवली. दांडा उचलला, मागं ओढला, पुढं ढकलला, खाली पाडला. “बोल्ट म्हंजे ह्योच. फकस्त बिनचूक घासल्याला.”

हा बिनचूकपणा कुठं असतो, ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. बोल्टच्या पुढच्या टोकाला पोलादाचे दात असतात, टीआरजीला तीन. दांडा खाली पाडला की ते नळीमागच्या खाचांत फिरून बसतात आणि काडतूस मागून पक्कं कोंडलं जातं. चाप ओढल्यावर रायफलीच्या आत हलते ती फक्त फायरिंग पिन, आणि मग गोळी. धक्का सगळ्या रायफलीला बसतोच, पण तो दर वेळी सारखाच बसतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हा सारखेपणा फार मोलाचा. चांगल्या बोल्टच्या रायफलीची नळी मागचं टोक सोडलं तर कशालाच टेकत नाही. हवालदार नेमबाजी संघाच्या रायफली दुरुस्त करत, तेव्हा नळी आणि दस्ता यांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून बघायचे. कुठं अडली की तिथला दस्ता घासायचा, पुन्हा पट्टी सरकवायची.

ड्रॅगुनोव्हच्या नळीला वर एक बारीक भोक असतं. गोळी त्याच्या पुढं गेली की मागचा तापलेला वायू भोकातून वर शिरतो आणि दट्ट्याला ढकलतो. दट्ट्यानं रेटलं की बोल्ट फिरून उघडतो, रिकामी केस बाहेर उडते आणि परत येताना नवं काडतूस आत सरकतं. बोल्ट उघडेपर्यंत गोळी नळीबाहेर पडलेली असते, हे खरं; पण वायूचा रेटा तिच्या बाहेर पडण्याआधीच सुरू झालेला असतो, आणि नळीला ही सगळी यंत्रणा कायमची लटकलेली असते. शंभर मीटरवर याचा फरक जाणवणारही नाही. अंशाचा साठावा भाग एवढी चूक शंभर मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटरची, हजार मीटरवर मात्र जवळजवळ तीसची. त्यात सत्तरच्या दशकात नळीचे आटे बदलले. आधी गोळी ३२० मिलिमीटरमध्ये एक गिरकी घ्यायची, ते अंतर २४० केलं. आग लावणाऱ्या आणि माग दाखवणाऱ्या गोळ्याही त्याच नळीतून नीट जाव्यात म्हणून. अचूकपणा थोडा घटला. तो दोष गोळी आपली आपण भरणाऱ्या अर्धस्वयंचलित यंत्राचा नव्हता, पण नाव त्याचंच झालं.

हवालदारांचा जीव मात्र ड्रॅगुनोव्हवरच. थंडीनं किंवा घाणीनं यंत्र आळसावलं, तर वायूचा दाब वाढवायची सोय तिच्यात आहे, आणि त्यासाठी हत्यार लागत नाही. काडतुसाच्या बुडाची कडा खाचेत घालून फिरवायची. हे सांगताना ते हसले. तिच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दाही त्यांनीच काढला. पहिली गोळी चुकली, तर ड्रॅगुनोव्हवाल्याचा डोळा दुर्बिणीतच असतो आणि दुसरी गोळी लगेच जाते. बोल्टवाल्याला हात हलवावा लागतो, आणि तेवढ्यात लक्ष्य दगडाआड. उलट, बोल्टवाला रिकामी केस नळीत तशीच ठेवून पडून राहू शकतो. ड्रॅगुनोव्हची केस उन्हात चमकत बाजूला उडते, ती थांबवता येत नाही.

अमेरिकी सैन्याचाही यावर एकदाचा निर्णय झालेला नाही. १९८८ मध्ये त्यांनी अर्धस्वयंचलित एम-२१ बाजूला ठेवून बोल्टची एम-२४ घेतली. वीसेक वर्षांनी एम-११० ही अर्धस्वयंचलित आणली, आणि लगेच पाठोपाठ एम-२४ वरूनच मोठ्या काडतुसाची एम-२०१० घडवली. आणि गंमत म्हणजे, सर्वांत लांबून टिपण्याचा विक्रम पस्तीस वर्षं ज्याच्या नावावर होता, त्या कार्लोस हॅथकॉकनं १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये ती गोळी चक्क ब्राउनिंग मशीनगनवर दुर्बीण बसवून झाडली होती, २,२८६ मीटरवरून.

तेव्हा संपादकांच्या प्रश्नातच गफलत आहे, असं मला वाटू लागलं. मशीनगननं एवढा पल्ला गाठला तो तिच्या जाडजूड काडतुसाच्या जोरावर. ड्रॅगुनोव्हचं काडतूस १८९१ च्या रशियन रायफलीचं. आठशे मीटरपर्यंत ड्रॅगुनोव्हवर भरवसा ठेवता येतो, पुढं वारा आणि नशीब. टीआरजी-४२ चं .३३८ लापुआ मॅग्नम काडतूस सोळा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगानं सोडतं आणि दीड किलोमीटरपर्यंत कामाचं राहतं. एवढा दाब रोज पेलणारी अर्धस्वयंचलित रायफल बनवता येते, पण ती जड, महाग आणि नाजूक होते. बोल्टला ते ओझं सहज झेपतं.

पण काडतूस बदललं की पुरवठ्याची पंचाईत सुरू होते. आपल्या सैन्यात ‘सात-बासष्ट’ म्हणवणारी काडतुसंच तीन तऱ्हांची: एकेचं छोटं, सिग रायफलीचं मधलं, ड्रॅगुनोव्हचं लांब आणि बुडाला कडा असलेलं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. त्यात आता .३३८ ची भर. १८६९ पासून खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा आहे. तरी २०१९ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागानं .३३८ च्या पहिल्या थोड्या रायफली घेतल्या, तेव्हा काडतुसंही परदेशातूनच आणली. त्याच वर्षी ५,७१९ स्नायपर रायफली आणि कोटभर काडतुसांची मोठी निविदा मागं घ्यावी लागली. परदेशी काडतूस महाग, म्हणून सरावाला हात आखडता. आणि सराव कमी असेल तर दीड किलोमीटरचा पल्ला कागदावरच. हजार मीटर जायला गोळीला दीडेक सेकंद लागतो. तेवढ्यात नाल्यातला वारा दोनदा दिशा बदलतो. गारठ्यात काडतुसातली दारू मंद जळते, उंचावरची विरळ हवा गोळीला कमी अडवते, आणि हे दोन्ही हिशेब एकमेकांविरुद्ध जातात. हे शिकायला राऊंडच झाडावे लागतात.

हवालदारांची काळजी आणखी बारीक होती. मोठ्या काडतुसानं नळी लवकर झिजते, म्हणून प्रत्येक रायफलीची वही ठेवावी लागते: किती राऊंड गेले, कुठल्या लॉटचे, त्या दिवशी थंडी किती होती, गोळी किती खाली पडली. वही नसेल तर एवढी महाग रायफल नव्या माणसाच्या हातात पुन्हा कोरी होते. पोस्टवरची पलटण बदलते, तेव्हा काय काय हवाली करतात, असं मी विचारलं. “रायफल, दुर्बीण, मॅगझीन, पुलथ्रू. सही घेत्यात,” ते म्हणाले. “वहीची सही कुनी घेतल्याली म्यां तरी बघितली न्हाई.”