म्हैसूरच्या वाटेवर गाडीचं चेंबर गळू लागलं तर...

दसऱ्याची सुट्टी आली की कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या कितीतरी कुटुंबांचे म्हैसूरचे बेत ठरतात. डिकीत चिवड्या-चकलीचे डबे, मागच्या सीटवर आजी आणि नातवंडं, टपावर बॅगा. राजवाडा, वृंदावन गार्डन, चामुंडी टेकडी पाहायची आणि मग पुढे उटी गाठायची. कोल्हापूरहून म्हैसूर सहाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. वाटेत गावोगावी स्पीडब्रेकर. भरलेली गाडी आधीच खाली दबलेली असते आणि अशाच एखाद्या उंचवट्यावर खालून 'खर्रर्' असा आवाज येतो. क्षणभर सगळे गप्प होतात. गाडी चालत राहते, म्हणून विषय तिथेच संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या अंगणात घरातलं कुणीतरी विचारतं, "अहो, आपल्या गाडीखाली हे काळं काय सांडलंय?"

हा प्रश्न म्हैसूरमध्येच विचारला गेला तर फार बरं. कारण म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेट करत उटीला जाणारा रस्ता पुढे बंदीपूरच्या जंगलात शिरतो. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या अभयारण्यांपैकी हे एक. इथे वाटेत गाडी उभी करायला मनाई आहे, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ खासगी वाहनांना हा रस्ता बंद असतो. जनावरांसाठी घातलेले स्पीडब्रेकर आहेत ते वेगळेच. पुढे मसिनगुडीहून कल्हट्टीचा छत्तीस वळणांचा चढ. अशा वाटेवर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला, तर काही मिनिटांत इंजिन धरतं आणि आजी-नातवंडांसह तुम्ही हत्तींच्या वाटेवर उभे राहता.

इंजिनाच्या तळाशी एक पसरट पत्र्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं बोल्टांनी आवळलेलं असतं. कंपनीच्या पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात, आपले मेकॅनिक मात्र चेंबर म्हणतात. तीन-चार लीटर ऑइल त्यात साठतं, तिथून पंप ते वर ओढतो आणि सगळ्या फिरत्या भागांना पोचवतो. चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यात पॅकिंग असतं. जुन्या फियाट-अ‍ॅम्बेसेडरमध्ये ते बुचाचं, म्हणजे कॉर्कचं असे. पुढे रबराचं आलं. आजच्या बऱ्याच गाड्यांत तयार पॅकिंग नसतंच, ट्यूबमधलं सिलिकॉन लावून सांधा बंद करतात. वस्तू क्षुल्लक, किंमतही फार नाही. पण ती बदलायला गाडी वर उचलावी लागते, ऑइल काढावं लागतं, कधी सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवावा लागतो. खर्च होतो तो या मजुरीचा. आणि नेमकं याच कामाबद्दल सर्वात जास्त तक्रार ऐकू येते: "नवीन पॅकिंग टाकलं, तरी महिनाभरात पुन्हा गळायला लागलं!"

दोष बहुधा नव्या पॅकिंगचा नसतोच.

आधी गळतंय कुठून ते पाहा

ऑइल खाली ओघळतं, त्यामुळे इंजिनात कुठेही गळलं तरी थेंब शेवटी चेंबरच्या कडेवरून पडतो. वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, नाहीतर ऑइल काढायच्या नटाखालचा पातळ वॉशर, यांपैकी कुणीही गुन्हेगार असू शकतो आणि शिक्षा चेंबरला होते. म्हणून आधी इंजिनाचा खालचा भाग रॉकेल किंवा डिझेलने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा करायला सांगा. मग एक घरगुती युक्ती: सांध्यावर आणि त्याच्या वरच्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरा. म्हैसूरमध्ये आहात, तर चंदनाच्या वासाची चालेल! दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा आणि टॉर्चने पाहा. पांढऱ्या पावडरीवर ओली काळी रेघ कुठून सुरू झाली ते लगेच दिसतं.

आणखी एक गोष्ट मेकॅनिककडून तपासून घ्या. इंजिनातला वायू बाहेर जायला एक ब्रीदर पाइप असतो. तो काजळीने तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. अशा गाडीत कितीही उत्तम पॅकिंग टाका, ते गळणारच.

चेंबरला फटका बसून पोचा पडला असेल, तर निव्वळ गळती थांबवून भागत नाही. ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. तळ वर दबला की जाळीचं तोंड झाकलं जातं आणि चेंबरमध्ये ऑइल असूनही इंजिन उपाशी राहतं. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर पत्र्यासारखं दबत नाही, तडकतं. अशा तडेवर ऑइल पुसून एम-सील लावलं तर गॅरेजपर्यंत पोचता येतं, घाट चढता येत नाही. साबणाची वडी घासण्याचा जुना उपाय पेट्रोलच्या टाकीसाठी ठीक आहे. गरम ऑइलपुढे साबण टिकत नाही.

'नाळे बन्नि' म्हणजे चांगली बातमी

यंत्र हे म्हैसूरला काही नवं नाही. यादवगिरीच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि नंतर येझ्दी मोटारसायकली तयार होत. त्या टू-स्ट्रोक इंजिनाला गाडीसारखं चेंबर नसे, पण ज्यांनी येझ्दी पाळली त्यांना क्लच कव्हरच्या कागदी पॅकिंगमधून झिरपणारं ऑइल चांगलंच आठवत असेल! तिथेही नियम हाच होता: सांधा सपाट आणि स्वच्छ, बोल्ट बेताने. तेव्हा भाषेची अडचण मानू नका. 'एण्णे सोरुत्तिदे', म्हणजे तेल गळतंय, एवढं कन्नड पुरे. हिंदीही बऱ्याच ठिकाणी चालते.

आता कामाकडे वळू. ऑइल कोमट असताना काढतात. उकळतं ऑइल हात भाजतं आणि थार ऑइल पूर्ण उतरत नाही. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कुणी शिरत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. खाली भक्कम लोखंडी स्टँड हवेतच. चेंबर उतरलं की त्यात साचलेल्या गाळावर बोट फिरवून पाहा. काळा चिकट गाळ चालेल. चमचमणारा धातूचा चुरा दिसला तर बेअरिंग झिजलं आहे आणि ते दुखणं पॅकिंगहून मोठं आहे.

यानंतरचा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळं यश त्यावरच अवलंबून आहे. जुन्या पॅकिंगचा कण न् कण दोन्ही कडांवरून खरवडून काढावा लागतो. पत्र्यावर पोलादी पट्टी चालेल, पण अ‍ॅल्युमिनियमवर प्लॅस्टिकची किंवा लाकडाची. स्क्रू-ड्रायव्हरने पाडलेली एक चीर पुढे कायमची मोरी होते. मग पत्र्याच्या चेंबरची कड सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवून पाहायची. मागच्या वेळी कुणीतरी ताकद लावून बोल्ट आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा फुगून वर आलेला असतो. नवीन पॅकिंग या उंचवट्यांवर टेकतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. महिनाभरात पुन्हा गळतं ते इथून! लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलके ठोके देत हे फुगवटे बसवले की अर्धं काम झालं. शेवटी पेट्रोलने किंवा थिनरने पुसून दोन्ही कडा पूर्ण कोरड्या. बोल्टांच्या भोकांतलंही ऑइल पुसायला हवं. काही भोकं पलीकडून बंद असतात. त्यांत ऑइल राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात बसलेला नसतो.

कॉर्क ही मोठी गमतीची वस्तू आहे. रबर दाबलं की बाजूला फुगतं, कॉर्क फुगत नाही, कारण त्याच्या पेशींमध्ये हवा कोंडलेली असते. म्हणून ते इतकी वर्षं वापरात राहिलं. पण दुकानात टांगून टांगून ते सुकतं आणि आक्रसतं, मग भोकं जुळत नाहीत. फेकून देऊ नका. थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवून पुसून घेतलं की मूळ मापावर येतं. कॉर्क जागेवर राहण्यासाठी चेंबरच्या बाजूने सिलिकॉनचा हलका हात पुरतो. रबरी पॅकिंग कोरडंच बसवतात. मात्र टायमिंग कव्हर आणि मागचं सील जिथे इंजिनाला जुळतं, त्या कोपऱ्यांत सिलिकॉनचा एकेक ठिपका हवाच. हे कोपरे विसरणारे पुष्कळ आहेत.

नुसत्या सिलिकॉनवर बसणाऱ्या चेंबरला साधारण तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि ट्यूबवर लिहिलेल्या मिनिटांत चेंबर जागेवर. 'जास्त लावू, म्हणजे गळणार नाही' हा गैरसमज महागात पडतो. जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं, त्याचे तुकडे तुटून पंपाच्या जाळीत अडकतात.

बोल्ट आधी सगळे बोटांनी, मग मधून सुरुवात करून समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला, म्हणजे ज्याला दहा नंबरचा पाना लागतो, जोर साधारण एक किलो-मीटर लागतो. सोप्या भाषेत, वीतभर लांब पान्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी टांगल्यावर पडेल तेवढा. कॉर्कला त्याहूनही कमी. हौशी माणूस इथेच दंडाची ताकद दाखवतो आणि पॅकिंग चिरडून ठेवतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो, तो पाहून टॉर्क पाना वापरणारा मेकॅनिक मिळाला तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आता वाट पाहायची. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. वरची साय काही मिनिटांत धरते, पण आतपर्यंत मुरायला साधारण चोवीस तास लागतात. लगेच ऑइल ओतून गाडी पळवली की ओल्या सांध्यात ऑइल शिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून म्हैसूरच्या मेकॅनिकने 'नाळे बन्नि', म्हणजे 'उद्या या' असं सांगितलं, तर घासाघीस करू नका. 'आत्ता तासाभरात देतो' म्हणणाऱ्यापेक्षा तो जाणता समजा. एक दिवस म्हैसूरमध्ये काही जड जात नाही. १८९२ पासूनचं प्राणिसंग्रहालय मुलांना पुरून उरतं आणि रविवार असला तर संध्याकाळी राजवाड्यावरचे सुमारे लाखभर दिवे लागलेले पाहायला मिळतात.

दुसऱ्या दिवशी नव्या वॉशरसह खालचा नट बसवून ऑइल भरतात. इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा टॉर्चने सांधा पाहा, मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने दांडीवर पातळी बघा. कॉर्कचे बोल्ट काही शे किलोमीटरनंतर एकदा हलकेच तपासता येतात. सिलिकॉनच्या सांध्याचे मात्र पुन्हा आवळू नयेत, धरलेला थर तुटतो. जुनं ऑइल गटारात ओतू देऊ नका, ते गोळा करणारे असतात.

त्या रात्री लॉजच्या अंगणात गाडीखाली कालचं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ते कोरडं निघालं, तर त्याच ग्रेडचं एक लीटर ऑइल डिकीत टाका, टपावरच्या दोन बॅगा कमी करता आल्या तर करा, आणि दिवसाउजेडी जंगल पार होईल अशा बेताने नंजनगूडच्या रस्त्याला लागा.