वायद्याचा दिवस आणि अडून बसलेला कोड एडिटर

सुताराला रंधा लागतो, शिंप्याला मशीन लागते. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचे हत्यार म्हणजे कोड एडिटर. आपल्या समाजातील बरेच तरुण आज या धंद्यात आहेत. कोणी नोकरी करतो, तर कोणी दोन-तीन सोबत्यांना घेऊन दुकानाच्या पोटमाळ्यावर लहानसे ऑफिस थाटतो आणि व्यापाऱ्यांची बिले, शाळांची फी, गोदामांचा हिशेब यांची सॉफ्टवेअरे करून देतो. भांडवल बेताचे असते, संगणक बहुधा सेकंडहँड असतात. अशा ठिकाणी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, एडिटर उघडायला फार वेळ लागतो. दुसरी, अपडेट केल्यापासून काहीतरी बिघडले.

तक्रार क्षुल्लक वाटेल, पण हिशेब करून पाहावा. एडिटर उघडायला एक मिनिट जास्त लागले, दिवसातून दहा वेळा तो उघडावा लागला, ऑफिसात चार माणसे आणि महिन्याचे पंचवीस दिवस काम, तर एक हजार मिनिटे होतात. म्हणजे सोळा तासांहून अधिक, एका माणसाची दोन दिवसांची मजुरी. ही रक्कम कोणत्याच वहीत लिहिली जात नाही, म्हणून नजरेत येत नाही.

उशीर का होतो?

आजचे अनेक एडिटर 'इलेक्ट्रॉन' नावाच्या सांगाड्यावर उभे आहेत. या सांगाड्यात क्रोमियम हे संपूर्ण ब्राउझर आणि नोड हे दुसरे यंत्र असते. म्हणजे चार ओळी लिहिण्यासाठीही आत एक अख्खे ब्राउझर सुरू होते. हा सांगाडा मुळात गिटहब कंपनीने आपल्या 'अॅटम' या एडिटरसाठी तयार केला. अॅटम २०१४ साली लोकांसमोर आला आणि २०१५ साली त्याची १.० आवृत्ती निघाली. तो फुकट होता, देखणा होता आणि हवा तसा बदलता येत होता. पण तो उघडायला वेळ घेई आणि मोठ्या फाइलसमोर अडखळे. त्यात वापरणाऱ्याने जोडलेली पॅकेजेस खिडकीच्याच प्रक्रियेत चालत. एक पॅकेज रेंगाळले की सगळे रेंगाळे.

मायक्रोसॉफ्टने २०१५ सालीच 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' आणला. सांगाडा तोच, पण जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, वेगळ्या प्रक्रियेत ठेवल्या. खिडकी आधी उघडते, जोडण्या मागाहून आणि बहुतेक वेळा गरज पडली तरच जाग्या होतात. सांगाडा एक असूनही रचनेने किती फरक पडतो, हे यावरून कळते.

तरीही हा एडिटर मंद होतो, त्याची कारणे बहुधा आपल्याच संगणकात सापडतात. हौसेने भरलेल्या जोडण्या, जुनी फिरती हार्ड डिस्क, अपुरी मेमरी, प्रत्येक फाइल तपासत बसणारा अँटिव्हायरस किंवा हजारो फाइलींचे एकच फोल्डर, ही त्यांतली मुख्य होत.

अपडेटचे दुखणे

अपडेट टाळणे हा उपाय नव्हे. त्यातून सुरक्षेच्या फटी बुजवल्या जातात. पण अपडेट केव्हा घ्यायचे हे आपण ठरवले पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हिज्युअल स्टुडिओ कोडची १.८६ आवृत्ती आली. तिने उबंटू १८.०४ सारख्या जुन्या लिनक्स सर्व्हरशी दूरवरून जोडणी करणे बंद केले. ज्यांचे काम अशा सर्व्हरवर होते त्यांचे हात एकाएकी बांधले गेले. बरीच ओरड झाल्यावर कंपनीने काही काळाची सवलत दिली. त्याआधी २०२२ साली विंडोज ७ साठी १.७० ही शेवटची आवृत्ती ठरली होती.

अॅटमची अखेर तर याहून बोलकी आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली साडेसातशे कोटी डॉलरना गिटहब विकत घेतले. २०२२ च्या जूनमध्ये अॅटम बंद करण्याची घोषणा झाली आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे काम थांबले. त्याच डिसेंबरात कोणी अनधिकृतपणे गिटहबच्या भांडारात शिरून सहीची प्रमाणपत्रे उचलली. ती कुलूपबंद होती आणि त्यांचा गैरवापर झाल्याचे आढळले नाही. तरी खबरदारी म्हणून कंपनीने २ फेब्रुवारी २०२३ रोजी ती रद्द करण्याचे ठरवले. त्यामुळे अॅटमच्या १.६३.० आणि १.६३.१ या आवृत्त्या चालणार नाहीत, वापरायचाच असेल तर आधीची आवृत्ती उतरवून घ्या, असे वापरणाऱ्यांना सांगावे लागले. नवे टाकून जुने घ्यायची पाळी आली. फुकट मिळालेल्या हत्याराची मूठ दुसऱ्याच्या हातात असते, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

काय करावे?

आमची सूचना अशी. प्रथम कारण शोधा. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये 'स्टार्टअप परफॉर्मन्स' हा आदेश दिला की कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला ते दिसते. जोडणीचा संशय असेल तर 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' वापरा. तो निम्म्या-निम्म्या जोडण्या बंद करत दोषी जोडणीपर्यंत नेतो. नको त्या काढून टाका. पैसे खर्चायचेच असतील तर नवा संगणक घेण्याआधी एसएसडी बसवून पाहा.

अपडेटची पद्धत सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' ठेवा. आठवड्यातला एक मोकळा दिवस ठरवून आधी एकाच संगणकावर अपडेट करा, दोन दिवस काम करून पाहा, मग बाकीच्यांवर करा. विंडोजवर अॅडमिनिस्ट्रेटरच्या पासवर्डासाठी अपडेट अडत असेल तर 'यूजर सेटअप' घ्या, त्याला तो लागत नाही. चालू आवृत्तीची फाइल आणि सेटिंगची नक्कल बाजूला जपून ठेवा. लहान कामासाठी 'सब्लाइम टेक्स्ट' सारखा हलका एडिटरही जवळ असावा. तो पारखण्यासाठी विनामूल्य मिळतो, पण कायम वापरायचा असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो. कोणी अडवत नाही म्हणून पैसे न देणे योग्य नाही. बनवणाऱ्याचा तो हक्क आहे आणि हुकूकुल इबादचा हिशेब सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

ग्राहकाला दिलेली तारीख हा वायदा आहे. तो चुकला तर 'एडिटर उघडत नव्हता' हे कारण ग्राहक ऐकून घेईल, पण पुढचे काम दुसऱ्याकडे नेईल. थोड्या भांडवलाच्या माणसाजवळ खरी पुंजी असते ती शब्दाची. तेव्हा काम हाती घेण्याआधी हत्यार तपासा, आणि काम पोचते करायच्या आदल्या रात्री त्याला हात लावू नका.