पहिले वर्ष आणि घरची आठवण

गौरी-गणपती आले की आमच्या कर्जत-खालापूर भागातील घरे भरतात. शिक्षणासाठी पुणे, मुंबई, नाशिक येथे गेलेली मुले चार दिवसांसाठी घरी येतात. विसर्जन होते, पाहुणे पांगतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. वय सतरा-अठरा, कॉलेजचे पहिले वर्ष, सोबत काळजीने वाळलेली आई. तक्रारी साधारण सारख्याच असतात. पोटात दुखते, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. परत जायची बॅग भरायला घेतली की दुखणे वाढते आणि "राहू दे, आणखी दोन दिवस थांब" असे कोणी म्हटले की ओसरते.

आई विचारते, "डॉक्टर, हा नाटक तर करीत नाही ना?" वडील म्हणतात, "लाडावून ठेवलाय!" वाचकहो, ही दोन्ही निदाने बहुतेक वेळा चुकीची असतात. मुलाचे पोट खरोखर दुखत असते. त्याला घरची आठवण येत असते आणि त्या आठवणीचा त्रास मनाला होतो तसा शरीरालाही होतो.

जुना आजार, जुने नाव

आज आपण 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द जुनी गाणी, जुने दिवस यांच्यासाठी सहज वापरतो. मुळात हा शब्द एका डॉक्टरने आजाराचे नाव म्हणून तयार केला. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला. घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने हे नाव घडविले. त्याने वर्णन केलेल्या रुग्णांपैकी एक होता बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण. तो खंगत गेला, अंगात ताप राहू लागला, जगण्याची आशा सुटली. शेवटी त्याला घरी न्यायचे ठरले आणि घरच्या वाटेवरच त्याला उतार पडू लागला.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षे डॉक्टर मंडळी हे निदान करीत होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) हजारो सैनिकांच्या नोंदीत हाच आजार लिहिलेला आहे. आज वैद्यकशास्त्र घरच्या ओढीला स्वतंत्र आजार मानीत नाही. नवीन ठिकाणी रुळताना मनावर येणारा तो एक स्वाभाविक ताण आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हा त्रास भित्र्या, दुबळ्या मुलांनाच होतो असे नाही. धडधाकट, हुशार, धीट मुलांनाही तो होतो.

शरीर का दुखते?

घरी असताना आपला दिवस आपोआप चालतो. चहा कोठे मिळणार, आंघोळीला पाणी कधी येणार, कोणाशी काय बोलायचे, याचा विचार करावा लागत नाही. वसतिगृहात पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते. अनोळखी माणसे, वेगळी बोली, वर्गात इंग्रजीतून शिकवणे, मेसची वेळ, बसचा नंबर. मेंदू सतत सावध राहतो. अशा वेळी ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, झोप उथळ होते आणि आतड्यांची हालचाल बिघडते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी थेट जोडलेली आहेत. म्हणून परीक्षेच्या सकाळी शौचाला दोनदा जावे लागते आणि म्हणूनच घराच्या आठवणीने पोटात कळ येते.

दुसरी गोष्ट वासाची. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश मेंदूत वळसा घेऊन जातात, वासाचा संदेश मात्र भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचतो. भर जुलैत पुण्याच्या खोलीत बसलेल्या आपल्या मुलाला पहिल्या पावसाचा वास आला की त्याला लावणीचा चिखल दिसतो, चुलीवरची तांदळाची भाकरी आठवते, वालाच्या बिरड्याने तोंडाला पाणी सुटते. यात लाजण्यासारखे काही नाही. मेंदूची रचनाच तशी आहे.

दिवसातील अवघड वेळा

हा त्रास दिवसभर सारखा नसतो. वर्गात, मित्रांत असताना तो जाणवत नाही. सकाळी जाग आल्याबरोबर, कातरवेळी आणि दिवा मालवल्यावर तो उसळतो. रविवारची दुपार सर्वांत वाईट. बहुतेक मुलांना पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. नंतर त्रास उतरू लागतो आणि पहिले सत्र संपेपर्यंत बरीचशी मुले रुळतात. मोठ्या सुट्टीनंतर तो पुन्हा डोके वर काढतो, पण दुसऱ्या वेळी लवकर शमतो. विसर्जनानंतरचे पोटदुखणे हे याच दुसऱ्या लाटेचे. एवढे आधी सांगून ठेवले तरी मुलाला धीर येतो. आपल्याला काही विचित्र झालेले नाही, हे त्याला कळते.

औषध दिनक्रमाचे

यावर बाटलीतले टॉनिक नाही आणि झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नये. मुलांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

*न्याहारी:* पहिल्या वर्षाची मुले उशिरा उठून उपाशीपोटी कॉलेज गाठतात, दुपारी वडापाव खातात आणि रात्री मेसचे जेवण आवडले नाही म्हणून बिस्किटांवर भागवतात. मग पित्त होते, डोके दुखते, चिडचिड होते आणि घर आणखी आठवते. मेसमध्ये निदान पोहे, उपमा, एखादे केळे पोटात गेलेच पाहिजे. घरून आणलेले लाडू, शेंगदाणे, गूळ, भाजलेले चणे डब्यात ठेवावेत. आईने दिलेला डबा खोलीतल्या मित्रांबरोबर उघडावा. त्याने ओळखी लवकर होतात.

*झोप:* सात-आठ तास हव्यातच. रात्री अंथरुणात मोबाईल घेऊ नये. गावच्या ग्रुपवरचे फोटो रात्री बारा वाजता पाहिले की मन घरी जाते आणि झोप उडते.

*हालचाल:* संध्याकाळी अर्धा तास भरभर चालावे किंवा कबड्डी, क्रिकेट खेळावे. ती वेळ मुद्दाम कातरवेळचीच निवडावी.

*एक ठरलेले काम:* वाचनालय, राष्ट्रीय सेवा योजना, नाटकाचा गट, काहीही चालेल. आठवड्यातून दोनदा जेथे आपली कोणी वाट पाहते अशी एक जागा नव्या गावात तयार झाली की ते गाव हळूहळू आपले होते.

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने कल्याण-मुंबईपर्यंत जाऊन-येऊन शिकणाऱ्यांनाही हे लागू आहे. ही मुले घरीच राहतात. पण पहाटे अंधारात निघून रात्री झोपण्यापुरती परततात. गावातले मित्र सुटतात आणि कॉलेजातले जमत नाहीत, कारण तास संपताच गाडी पकडायची असते. घरात राहून घर आठवणारी अशी मुले मी पाहतो. त्यांनी आठवड्यातून एक दिवस तरी कॉलेजात तासभर थांबावे आणि रविवार झोपून न काढता थोडा घरच्या माणसांना द्यावा.

फोन किती करावा?

आमच्या वसतिगृहाच्या काळात आंतरदेशीय पत्र होते. रडून लिहिलेले पत्र घरी चार दिवसांनी पोहोचायचे, तोवर लिहिणारा हसतही असायचा. आता रडे त्याच क्षणी व्हिडिओ कॉलवर घरी पोहोचते. मुलगी आईजवळ रडून हलकी होते, मैत्रिणींबरोबर चहाला जाते आणि इकडे खालापुरात आई रात्रभर जागी राहते. सकाळी आईचे बीपी वाढलेले असते!

फोन बंद करू नये, पण त्याला वेळ लावावी. दिवसातून एकदा, जेवणानंतर, दहा-पंधरा मिनिटे. "जेवलास का? करमते का?" एवढेच विचारण्याऐवजी "आज कोणाबरोबर जेवलास? नवीन काय पाहिलेस?" असे विचारावे. घरच्या भांडणांचे, कर्जाचे, आजीच्या आजाराचे ओझे रोजच्या फोनवर टाकू नये. मात्र महत्त्वाची बातमी लपवूही नये. लपवलेली बातमी उशिरा कळली की मुलाचा घरावरचा विश्वासच डळमळतो.

प्रत्येक दुखणे आठवणीचे नसते

हा मुद्दा कात्रण काढून ठेवण्यासारखा आहे. होफरच्या विद्यार्थ्याला ताप होता आणि तो त्याने आठवणीच्या खात्यात घातला. आज तसे चालणार नाही. कॉलेजे सुरू होतात ती नेमकी पावसाळ्यात. ताप आला तर तो मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड किंवा लेप्टो असू शकतो. रक्त तपासलेच पाहिजे. भूक मेली, मळमळते आणि लघवी गडद पिवळी होते, तर कावीळ असू शकते. मेसचे किंवा टाकीचे दूषित पाणी हे तिचे नेहमीचे कारण. अशा वेळी कावीळ 'उतरवून' घेण्यात दिवस घालवू नयेत.

मुलींमध्ये थकवा, धाप, चक्कर, केस गळणे असेल तर हिमोग्लोबिन पाहावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय आढळला. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, त्याबरोबर लिंबू किंवा आवळा असावा आणि चहा टाळावा.

कधी कधी "घरची आठवण येते" हे वरचे झाकण असते. खाली रॅगिंग असते, खोलीतल्या मुलांचा छळ असतो, फी भरली नसल्याची भीती असते, जातीवरून किंवा बोलीवरून केलेली चेष्टा असते. मुलाला एकट्याला बसवून शांतपणे विचारावे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि रॅगिंग हा गुन्हा आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. घरची ओढ लागलेले मूल मित्रांत हसते, आवडीचे खाते, सुट्टीची वाट पाहते. पण जे मूल घरी येऊनही खुलत नाही, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहते, आवडत्या गोष्टीही नको म्हणते, आंघोळ-कपडे सोडून देते, "माझा काही उपयोग नाही", "मी नसलो तरी चालेल" असे बोलते, त्याला नैराश्याचा आजार असू शकतो. हे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये. स्पष्ट विचारावे, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने असा विचार डोक्यात येत नाही, उलट मूल मोकळे होते. अशा मुलाला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

ज्यांचे घरच उरले नाही

वरचा सारा सल्ला घर जागेवर आहे असे धरून दिला. आपल्या तालुक्यात सर्वांचे तसे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवावे लागले. वाडीतील काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. पुढे चौकजवळ सिडकोने वाडीतील कुटुंबांसाठी पक्की घरे बांधली. घर मिळाले, पण आठवणीतले घर डोंगरावरचे आहे.

अशी मुले आज-उद्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात बसतील. इतर मुले सुट्टीची वाट पाहतात, तेव्हा यांचे मन कोठे जाणार? त्यांना "विसर आता" असे म्हणू नये. त्यांना वाडीविषयी, तेथील झाडांविषयी, गेलेल्या माणसांविषयी बोलू द्यावे आणि आपण ऐकावे. रात्रीच्या मुसळधार पावसात त्यांना झोप लागत नसेल, जुलै महिना जवळ आला की ती अस्वस्थ होत असतील, तर प्राध्यापकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी ते समजून घ्यावे. तीच दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकून उठणे, हे महिन्याहून अधिक चालू राहिले तर मनोविकारतज्ज्ञांची मदत हवी. त्यावर उपचार आहेत आणि वर्षे उलटल्यावरही त्यांचा गुण येतो.

पालकांसाठी

कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. ती गाडीला रेटा देतात आणि लोणावळ्याला सुटतात. पालकांनी पहिल्या वर्षी एवढेच करावे. दर शनिवारी मुलाला घरी आणले तर ते तेथे कधीच रुळत नाही. दिवाळीपर्यंत तोंड दाखवू नको असे बजावले तर ते आतून तुटते. पहिला महिना शक्यतो तेथेच काढू द्यावा, त्यात एकदा आपण भेटून यावे, खोली पाहावी, मेसमध्ये त्याच्याबरोबर जेवावे. नंतर घरी येण्याची तारीख आधी ठरवावी आणि ती पाळावी.

एवढे करूनही पहिले सत्र संपेपर्यंत मूल खंगतच असेल, तर कॉलेज किंवा शाखा बदलण्याचा विचार करण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भरलेल्या बॅगेसमोर घेऊ नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग मुलाशी निवांत बोलणे आणि मग निर्णय, हा क्रम ठेवावा.