कावीळ दिसते, यकृत मात्र निरोगी

गिल्बर्ट सिंड्रोम ही जन्मजात, आनुवंशिक आणि निरुपद्रवी अवस्था आहे. ऑगस्टिन गिल्बर्ट व पिएर लेरेबुले या फ्रेंच डॉक्टरांनी १९०१ मध्ये तिचे वर्णन केले. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृतातले एक विकर ते पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि मग ते पित्तावाटे बाहेर पडते. यूजीटी१ए१ या जनुकातील बदलामुळे हे विकर येथे नेहमीच्या सुमारे ३० टक्केच काम करते.

डोळे पिवळे म्हणजे यकृत बिघडले, हा सर्वांत मोठा गैरसमज. गिल्बर्टचा रिपोर्ट साधारण असा असतो: एकूण बिलिरुबिन २.६, त्यातले डायरेक्ट (विरघळण्याजोगे झालेले) ०.४, यकृताला इजा झाली की वाढणारे एसजीपीटी नॉर्मल. लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. ही कावीळ संसर्गजन्य नाही. ताट-पेला वेगळा ठेवण्याचे कारणच नाही.

दुसरा गैरसमज पथ्याचा. कावीळ म्हटली की तेल आणि हळद बंद होते, जेवण अर्ध्यावर येते. प्रत्यक्षात पोट मारल्यानेच गिल्बर्टमधले बिलिरुबिन चढते. नवरात्रातले कडक उपवास, यवतमाळच्या मे महिन्यातल्या उन्हात कमी पडलेले पाणी, ताप, जागरण यांनीही तेच होते. जेवण-पाणी सुरळीत झाले की पिवळेपणा काही दिवसांत आपोआप ओसरतो. त्याच दिवसांत गळ्यात काविळीची माळ घातलेली असेल तर श्रेय माळेला मिळते.

यवतमाळ जिल्ह्यात निदानाची खरी कसोटी वेगळीच आहे. विदर्भात आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल आढळतो. त्या आजारातही रक्तपेशी भराभर मोडून इनडायरेक्ट (अजून न विरघळणारे) बिलिरुबिन वाढते आणि एसजीपीटी बहुधा नॉर्मलच राहते. तेवढ्यावरून ‘गिल्बर्ट आहे, काळजी नको’ असे सांगणे घातक ठरू शकते. म्हणून सीबीसी, रेटिक्युलोसाइट काउंट आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी आधी हवी. ती पॉझिटिव्ह आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात. तेव्हा कावीळ अधिक गडद दिसते.

या चाचण्या नॉर्मल असतील आणि काही महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत चित्र तेच दिसले, तर निदान पक्के धरता येते. यकृताचा तुकडा काढून तपासण्याची गरज नसते. जनुकीय चाचणीही क्वचितच लागते. औषध नाही, पथ्य नाही. मात्र कर्करोगावरचे इरिनोटेकान देण्यापूर्वी डॉक्टरांना ही माहिती असायला हवी. बिलिरुबिन ५ च्या वर गेले, लघवी गडद झाली, एसजीपीटी वाढले किंवा हिमोग्लोबिन घटले, तर गिल्बर्टवर न थांबता पुढचा तपास करून घ्यावा.