कुंडीतला ऑस्ट्रेलिया

नीलगिरी हे नाव आपण इतक्या सहजपणे घेतो, की ते झाड मूळचे आपले नव्हे हे विसरूनच जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरावर ही झाडे लावली आणि डोंगराचे नाव झाडाला चिकटले. झाड ऑस्ट्रेलियाचे. त्याच्या सुमारे सातशे जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या तिथल्याच. आपल्या बागांतला बॉटलब्रश आणि सिल्व्हर ओकही तिकडचाच. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तर उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आपोआप उगवतो.

ही उंचच उंच झाडे वीतभर रुंद कुंडीत नांदतात, हे मी लेकीकडे कॅनबेराला गेलो तेव्हा पाहिले. तिथल्या नॅशनल आर्बोरेटममध्ये बोन्सायचा मोठा संग्रह आहे. २००३ च्या जानेवारीत वणव्याने होरपळलेल्या जमिनीवर हे वृक्षोद्यान उभे राहिले आणि २०१३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. जपानी पाइन आणि मेपलच्या शेजारी तिथे ऑस्ट्रेलियाची देशी झाडेही मांडलेली आहेत. खरे सांगतो, तोवर ‘बोन्साय’ हा शब्द मी कवितेत खुजेपणासाठीच वापरत आलो होतो.

बोन्साय म्हणजे उथळ भांड्यात लावलेले झाड. ही कला चीनमधून जपानात गेली. तिथले पुस्तकी नियम थंडीत निजणाऱ्या झाडांसाठी घडले. थंडी सरता सरता, कळ्या फुटण्याआधी, मुळे छाटा, असे ते सांगतात. ऑस्ट्रेलियातली बहुतेक देशी झाडे मात्र सदाहरित. थंडीत कापलेली त्यांची मुळे लवकर सावरत नाहीत. म्हणून मुळांचे काम उबदार दिवसांत, झाड जोमाने वाढत असताना करायचे.

नीलगिरीची गंमत आणखी वेगळी. तिच्या सालीखाली सुप्त डोळे असतात. वणव्यात पाने जळाली, की काळ्या पडलेल्या खोडावर कोवळी पालवी फुटते. कित्येक जातींच्या बुंध्याशी गाठ असते, तिथूनही नवे कोंब येतात. बोन्साय करणारा याचाच फायदा घेतो. खोड छाटायचे, कोंब येऊ द्यायचे आणि हवे तेवढे ठेवायचे. पण एखादी फांदी पार बोडकी केली, तर झाड बहुधा ती सोडून देते आणि खालून दुसरी काढते. म्हणून प्रत्येक फांदीवर थोडी पाने राखावी लागतात. आकारही जपानी पाइनसारखा त्रिकोणी नको. उघडे, किंचित कललेले खोड आणि फांद्यांच्या टोकांना पानांचे झुबके, अशीच ती रानात दिसते.

पाण्याच्या तऱ्हाही निराळ्या. दलदलीत वाढणारा, कागदासारख्या सालीचा मेलालुका उन्हाळ्यात पाण्याच्या ताटलीत ठेवला तरी खुशाल असतो. टी ट्री मात्र एकदा सुकला की पुन्हा उठत नाही.

आणि बॅंक्शिया! १७७० मध्ये कॅप्टन कुकबरोबर आलेल्या जोसेफ बॅंक्सचे नाव तिला मिळाले आहे. लेकीने एक बॅंक्शिया बियापासून नऊ वर्षे वाढवली होती. ती पंधरा दिवस परगावी गेली आणि कुंडी माझ्यावर सोपवली. झाड मला रोडावलेले वाटले. मी मायेने फुलझाडांचे खत दोन चमचे घातले. लेक परतेपर्यंत पाने पिवळी पडून कडांनी करपायला लागली होती. तिने माती बदलली, मुळे धुतली. झाड वाचले नाही.

कारण नंतर समजले. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी, लक्षावधी वर्षे पावसाने धुतलेली. तिच्यात फॉस्फरस अगदी थोडा. बॅंक्शियाची मुळे ब्रशसारखे दाट झुबके काढतात आणि आम्ले सोडून मातीतला कणकण फॉस्फरस मोकळा करून घेतात. असे झाड मिळेल तेवढे ओढतच राहते. त्याला थांबणे ठाऊक नसते. आपले नेहमीचे खत त्याला विषच होते.

‘‘अब्बा, तिला भूक नव्हती हो,’’ एवढेच लेक म्हणाली. रागावली असती तर बरे वाटले असते.

आपल्याकडे ज्यांना हा नाद करायचा असेल त्यांनी बॉटलब्रशपासून सुरुवात करावी. तो सोसणारा आहे. बहर ओसरला की वाळल्या फुलांच्या लगेच मागे छाटावे. पाण्याचा निचरा चांगला ठेवावा. सिल्व्हर ओक लावलात, तर एवढे ध्यानात असू द्या, की तो बॅंक्शियाच्याच कुळातला आहे. खताचा चमचा उचलण्याआधी ते झाड कुठल्या मातीतून आले याची चौकशी करा.

लेकीने पुन्हा बी पेरले आहे. आता बोटभर रोप झाले आहे. फोनवर मी त्याची खुशाली विचारतो. काय घालू, असे मात्र विचारत नाही.