एका कानाची सोबत

अकूस्टिक न्यूरोमा ही आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेच्या आवरणातून वाढणारी गाठ. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते. पण चेहरा हलवणारी नस तिला अगदी लागून जाते. त्यामुळे उपचार नीट झाले तरी एका कानाचा बहिरेपणा, कानातली गुणगुण, जाणारा तोल किंवा वाकडा झालेला चेहरा मागे उरू शकतो. शस्त्रक्रिया करायची, किरणोपचार घ्यायचे की ठरावीक काळाने एमआरआय काढून नुसते लक्ष ठेवायचे, हे डॉक्टर सांगतात. त्यानंतर रोजचा दिवस कसा काढायचा, हे त्या वाटेने गेलेल्यालाच ठाऊक असते. अमेरिकेत रुग्णांनी १९८१ मध्ये आपली संघटना उभारली ती याच गरजेतून.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात असा रुग्णांचा गट उभारायचा तर पहिली अडचण संख्येची आहे. हा आजार वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेनुसार तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे वर्षाकाठी नवे रुग्ण फार तर दहा-वीस. तेही परळ, शीव, माहीम अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या रुग्णालयांत विखुरतात. उल्हासनगरच्या एकाच कॅम्पातल्या दोघांची गाठ पडणे कठीणच. म्हणून तिन्ही शहरांचा मिळून एक आणि मेंदूच्या इतर गाठींच्या रुग्णांनाही सामावून घेणारा गट इथे जास्त व्यवहार्य. घरच्यांनाही त्यात जागा हवी. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात ती आहे: तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात, तर त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर.

गटाच्या बैठकीतले बोलणे बहुतेक लोकलच्या प्रवासाभोवतीच फिरणार. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. रिक्षाचा हॉर्न डावीकडून वाजला की उजवीकडून, याचा अंदाज चुकतो. फलाटावरच्या घोषणेपेक्षा इंडिकेटर भरवशाचा. डब्यात बहिरा कान भिंतीकडे ठेवून बसावे, म्हणजे सोबत्याचे बोलणे ऐकू येते. पापणी पूर्ण मिटत नसेल तर खिडकीचा वारा डोळा कोरडा करतो. तिथे चष्मा आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब लागतात. अंधारात तोल जास्त जातो, म्हणून जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. एका कानाचा बहिरेपणा दिसत नाही, आणि कायदाही तो फारसा पाहत नाही: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांची आहे.

बैठकीची मांडणीही या आजाराला धरून हवी. खोली शांत असावी, एका वेळी एकानेच बोलावे आणि बैठकीत ठरलेले नंतर मोबाइलवर लिहून पाठवावे. उपचारांची शिफारस मात्र गटाने करू नये. गाठीचा आकार, वय आणि उरलेली श्रवणशक्ती प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याच्या अनुभवातून पडलेले प्रश्न कागदावर उतरवून पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवावेत.