अर्जातून गाव का खोडता?

अहेरीच्या पलीकडच्या एका गावातील आपल्या समाजाचा मुलगा परवा प्रतिज्ञापत्र करून घेण्यासाठी आमच्याकडे आला. रसायनशास्त्राचा पदवीधर. अर्ज करायचा होता जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात, सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स या विषयाच्या पदव्युत्तर पदवीसाठी. सेंद्रिय म्हटल्याबरोबर आमच्या ज्युनियरला शेणखत आठवले! मग त्या मुलानेच आम्हा वकिलांची शिकवणी घेतली.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे आपण शाळेत शिकलो. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन नावाच्या प्लास्टिकवर आयोडीनची प्रक्रिया करून त्यातून वीज वाहते, हे दाखवून दिले. 2000 साली त्यांना नोबेल मिळाले. मोबाईलचे ओएलईडी पडदे अशाच कार्बनी संयुगांनी उजळतात. कागदासारखी छापता येणारी, गुंडाळून नेता येणारी सौर पट्टीही त्यातूनच तयार होते. सिलिकॉनच्या पॅनेलपेक्षा ती वीज कमी देते. शिवाय दमट हवा, प्राणवायू आणि ऊन तिला लवकर खराब करतात. हा या विद्येपुढचा मोठा प्रश्न आहे.

त्याचा अर्ज आम्ही वाचला. प्रयोगशाळा होती, गुण होते, गाव कुठेच नव्हते. का रे, असे विचारले तर म्हणाला, "तिथे गावाचं काय काम, सर?"

आम्ही म्हणतो, गावाचेच तर काम आहे! पावसाळ्यात चार महिने ओल म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? पर्लकोटेच्या पुरात भामरागडचा रस्ता तुटताना त्याने पाहिला आहे. गावात सौर दिव्यांचे खांब उभे राहिले, फोटो निघाले, पुढे बॅटऱ्या बसल्या आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही, हेही त्याने पाहिले आहे. आमच्याच भागात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आहे, 2920 मेगावॅटचे. कोळसा इथला, राख इथल्या छपरांवर आणि वीज मात्र दूरच्या शहरांना. ती पट्टी टिकेल किती, बिघडली तर दुरुस्त कोण करील, गावाच्या मालकीची होईल काय, हे प्रश्न ड्रेस्डेनच्या प्रयोगशाळेत कोणी नेऊन ठेवायचे?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. 2009 साली या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, तो देशात सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांपैकी एक म्हणून. तेथे अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारतो आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. अशा भागात वाढलेल्या मुलाने तो अनुभव अर्जातून खोडावा, याला आमच्या मते न्यूनगंडाखेरीज दुसरे कारण नाही. प्रस्थापितांची मुले पंधरा दिवस खेड्यात राहून 'ग्रामीण अनुभव' म्हणून पानभर लिहितात; आमची मुले वीस वर्षे राहून एक ओळ लिहीत नाहीत.

कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी आपल्या लहानपणीच्या उपासमारीबद्दल, मोहफुले शिजवून खाल्ल्याबद्दल उघडपणे बोलले. कसनसूरची आश्रमशाळा, गडचिरोलीत बी.एस्सी., नागपुरात एम.एस्सी. आणि अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाची पीएच.डी. असा त्यांचा प्रवास. 2022 साली ते मेरीलँडमधील एका औषध कंपनीत आरएनएवर काम करणारे वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. त्यांचा विषयही रसायनशास्त्रच.

परमपूज्य बाबासाहेबांनी 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाईसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशातील शिक्षणासाठीही वेगळी तरतूद मागितली. त्याच निवेदनात कायदा आणि कला या शाखांचा आपल्या लोकांना फारसा उपयोग नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने! आम्ही काळा कोट घातलेल्यांनी हे वाचून थोडे खाली पाहावे.

आज केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती साऱ्या देशासाठी 125 जागांची, त्यात अनुसूचित जातींना 115. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या वेगळ्या योजनेत अवघ्या 20. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती 75 जणांना. त्या जागांपर्यंत पोहोचण्याआधीच आमची मुले अडतात ती कागदांत. जातवैधतेसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी शाळेची पायरी पाहिली नाही, त्यांनी दाखला कोठून आणावा? कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, महसुली नोंदी धुंडाळाव्या लागतात. विद्यापीठाची मुदत मात्र या शोधासाठी थांबत नाही.

म्हणून अंतिम वर्षाला असलेल्या मुलांनी प्रवेशाची वाट न पाहता वैधतेचा अर्ज आजच करावा. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर 15 आणि 16 ऑक्टोबरला आम्ही काही वकील मंडळी याच कामासाठी बसणार आहोत. जुने कागद असतील तसे, फाटके असले तरी, घेऊन या. फी नाही.

त्या मुलाने अर्ज पुन्हा लिहायला घेतला आहे. पहिल्याच ओळीत गावाचे नाव आहे.